मनाच्या आजारावर दूरस्थ उपचार : सोय आणि जबाबदारी

विजयदुर्ग हे नाव उच्चारताच तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला किल्ला, वाघोटण खाडीचे मुख आणि मराठी आरमाराचा पराक्रम डोळ्यांसमोर उभा राहतो. ज्या आडवळणाने इतिहासकाळी या बंदराचे रक्षण केले, तेच आडवळण आजच्या रहिवाशाला आजारपणात मात्र अडचणीचे ठरते. ताप आला, हाड मोडले, तर देवगडचे ग्रामीण रुग्णालय आहे. पण मनाचा आजार असेल तर तळेरे येथे महामार्ग गाठून तेथून जिल्ह्याच्या मुख्यालयी ओरोसला जावे लागते, किंवा उत्तरेस रत्नागिरीची वाट धरावी लागते. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ साली स्थापन झाले. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी मनोरुग्णालय म्हणताच येथील लोकांच्या तोंडी आजही रत्नागिरीचेच नाव येते. आणि ते नाव ज्या दबक्या आवाजात घेतले जाते, त्यातच या प्रश्नाचे निम्मे उत्तर दडलेले आहे.

नौकेवरील खलाशाला अशा प्रवासासाठी एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. ऐन हंगामात आंबा बागायतदाराला बाग सोडता येत नाही. घरातील सुनेला तर कोठे निघालीस, कशासाठी निघालीस, याचे उत्तर वाडीतील चार घरांना द्यावे लागते. परिणामी आजार अंगावर काढला जातो. दूरध्वनी व इंटरनेट यांच्या साहाय्याने होणारा मानसोपचार या परिस्थितीत काय करू शकतो, त्याच्या मर्यादा कोणत्या, आणि त्यातून उद्भवणारे नीतीचे प्रश्न गावपातळीवर कसे सोडवावयाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गरज किती मोठी आहे?

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजेच निम्हान्सने, २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तथापि तिचे निष्कर्ष आपणांसही विचार करावयास लावणारे आहेत. प्रौढ लोकसंख्येपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या काळात कोणता ना कोणता मानसिक विकार होता. उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्यांचे प्रमाण विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के इतके आढळले. म्हणजे दर दहा रुग्णांमागे सात ते नऊ जण उपचारांवाचूनच दिवस कंठीत होते.

याची कारणे दोन. पहिले कारण तज्ज्ञांचा तुटवडा. देशात दर लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ भरत नाही आणि जे आहेत ते बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. दुसरे कारण लोकलज्जेचे. 'वेड' हा एकच शब्द आपण उदासीनतेपासून स्किझोफ्रेनियापर्यंत सर्व विकारांना सरसकट लावतो. मग मुलीचे लग्न मोडेल, मुलाची नोकरी जाईल, या भीतीने आजार लपविला जातो. पहिली अडचण अंतराची, दुसरी नजरेची. दूरस्थ उपचारांचे महत्त्व असे की, ते या दोन्ही अडचणींवर एकाच वेळी उपाय शोधू पाहतात.

मराठी समाजाचा जुना अनुभव

समोर न येता सल्ला घेण्याची कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेले 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९५३ पर्यंत चालले. प्रत्यक्ष कोणापाशी उच्चारता येणार नाहीत असे प्रश्न वाचक त्यांना पत्राने विचारीत आणि कर्वे मासिकातून त्यांची स्पष्ट उत्तरे देत. अशा उत्तरांवरून त्यांच्यावर खटलाही झाला आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वकील म्हणून त्यांची बाजू मांडली. चेहरा दिसणार नाही आणि नाव फुटणार नाही, एवढी खात्री मिळाली की माणूस मनातले बोलतो, हा धडा त्या पत्रव्यवहाराने त्याच काळी दिला होता.

पत्राची जागा पुढे दूरध्वनीने घेतली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही समुपदेशन सेवा सुरू केली. करोनाच्या साथीत २०२० साली दवाखान्यांची दारे बंद झाली, तेव्हा दूरस्थ उपचार ही हौसेची बाब न राहता निकडीची बाब झाली. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरस्थ वैद्यकीय सेवेसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि या सेवेला प्रथमच रीतसर चौकट लाभली.

टेली-मानस : काम कसे चालते?

१० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, 'टेली-मानस' ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते. सेवा २० भाषांत उपलब्ध असून त्यांत मराठीचा समावेश आहे. सेवेची दोन वर्षे पूर्ण झाली त्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पर्यंत, देशभरातून चौदा लाखांहून अधिक दूरध्वनी आले होते.

या सेवेचे दोन स्तर आहेत. फोन करणाऱ्याने भाषा निवडल्यावर प्रथम प्रशिक्षित समुपदेशक त्याचे म्हणणे ऐकून घेतो. परीक्षेचा ताण, झोप न येणे, घरातील कलह, एकटेपणा अशा बहुतेक तक्रारींना या पहिल्या स्तरावरच दिलासा मिळू शकतो. आजार अधिक गंभीर वाटल्यास दुसऱ्या स्तरावरील मानसतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ यांच्याशी जोडून दिले जाते आणि प्रत्यक्ष तपासणी आवश्यक असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठविण्यात येते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला आणि त्याअंतर्गत जिल्हा कार्यक्रमाची योजना १९९६ पासून अमलात आली. टेली-मानस ही त्याच साखळीतील नवी कडी होय. २०२४ मध्ये सेवेचे मोबाइल अ‍ॅपही सुरू करण्यात आले.

शासकीय सेवेखेरीज अनेक खासगी संस्था व व्यक्ती मोबाइलवरून शुल्क घेऊन उपचार देतात. त्यांत उत्तम तज्ज्ञ आहेत, त्याचप्रमाणे कोणतीही पात्रता नसलेले लोकही आहेत. या भेदाकडे पुढे वळू.

प्रत्यक्ष लाभ

पहिला लाभ वेळेचा व पैशाचा. मानसोपचार एका भेटीत संपत नाही. संभाषणाद्वारे करावयाच्या उपचारांत दर आठवड्यास एक याप्रमाणे सहा-आठ बैठका तरी सहज लागतात. विजयदुर्गच्या माणसाने तितक्या वेळा ओरोसला जावे ही अपेक्षाच अव्यवहार्य ठरते. तेच काम घरबसल्या होणार असेल तर उपचार अर्ध्यावर सुटत नाहीत. चिंताविकार आणि सौम्य ते मध्यम स्वरूपाची उदासीनता यांवर दूरस्थ संभाषणोपचाराचा गुण समोरासमोरच्या उपचारांच्या जवळपास येतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे.

दुसरा लाभ विखुरलेल्या कुटुंबांचा. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ असून दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया आहेत. कर्ते पुरुष मुंबईस, परदेशी किंवा जहाजावर आणि घरी वृद्ध आईवडील, हे चित्र येथे घरोघर दिसते. वृद्ध आईच्या उपचारांत, तिची संमती असेल तर, मुंबईचा मुलगाही व्हिडिओद्वारे सहभागी होऊ शकतो. महिनोन्‌महिने सागरावर असणाऱ्या तरुणाला बंदर येण्याची वाट न पाहता कोणाशी तरी बोलता येते.

तिसरा लाभ भाषेचा. मनातले दुःख मातृभाषेतच नेमके सांगता येते. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना म्हणूनच पुण्यामुंबईचा मराठी भाषक उपचारक जवळचा वाटतो. तथापि परदेशातील रुग्णावर येथून उपचार करण्यास तेथील कायदा परवानगी देतो की नाही, हे आधी पाहावे लागते. अमेरिकेत तर रुग्ण ज्या राज्यात असेल त्या राज्याचा परवाना सामान्यतः आवश्यक मानतात. आपल्या किनाऱ्यावरही भाषेचा प्रश्न सूक्ष्म आहे. "माका कायच बरा वाटणा नाय" असे म्हणणारी मालवणी बाई अंगदुखीबद्दल बोलते आहे की मनाच्या उदासीबद्दल, हे ओळखण्यास ऐकणाऱ्याला त्या बोलीचा परिचय हवा. प्रमाण मराठी ऐकून घेणारा समुपदेशक मिळाला म्हणजे भाषेचा प्रश्न पूर्ण सुटला असे नाही.

दवाखान्याची खोली आणि घरातील पडवी

दूरस्थ उपचारांचा सर्वांत मोठा नैतिक प्रश्न गोपनीयतेचा आहे. दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीचे दार लागते. आतले बोलणे बाहेर जात नाही, हे रुग्णाला माहीत असते. रुग्ण घरूनच बोलू लागला की ते दार नाहीसे होते. खेड्यातील घरात फोन बहुधा पडवीत किंवा माजघरात बसून केला जातो. अनेक घरांत मोबाइल एकच असतो आणि तो कर्त्या पुरुषाच्या खिशात असतो. सासरच्या छळाने खचलेल्या सुनेने सासूसमोर बसून मोबाइलवर काय सांगावे? व्यसनाधीन वडिलांविषयी मुलाने त्यांच्याच फोनवरून कसे बोलावे? पुष्कळदा आवाज नीट मिळावा म्हणून सड्यावर किंवा रस्त्यावर येऊन बोलावे लागते, आणि मग जे गुपित ठेवावयाचे तेच येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानी पडते.

कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम १८ ने प्रत्येक व्यक्तीस मानसिक आरोग्य सेवा मिळविण्याचा हक्क दिला आहे. कलम २३ ने आजार व उपचार यांविषयीची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. रुग्णाच्या किंवा अन्य कोणाच्या जीवितास धोका असणे यांसारखे मोजकेच अपवाद त्यास आहेत. कलम २४ नुसार हाच हक्क इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठविलेल्या माहितीसही लागू होतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे.

परंतु कायदा असला तरी माहिती फुटू शकते, याची उदाहरणे प्रगत देशांतही आहेत. फिनलंडमधील 'वास्तामो' या मानसोपचार कंपनीच्या संगणकातून हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये चोरट्याने प्रत्यक्ष रुग्णांनाच संदेश पाठवून, पैसे न दिल्यास तुमची गुपिते उघड करीन, अशी धमकी दिली. कंपनीचे दिवाळे वाजले आणि २०२४ मध्ये आरोपीस सहा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. पण उघड झालेले गुपित पुन्हा झाकता आले नाही. अमेरिकेत २०२३ साली 'बेटरहेल्प' या ऑनलाइन उपचार कंपनीस, ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातीसाठी इतर कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून, तेथील व्यापार आयोगाने ७८ लाख डॉलर भरावयास लावले. फुकट किंवा स्वस्त अ‍ॅप उतरवून घेताना आपली माहिती कोठे जाते हे विचारले पाहिजे, एवढा बोध यातून घ्यावयाचा.

पलीकडे बोलणारा कोण?

दवाखान्याच्या भिंतीवर पदवीचे प्रमाणपत्र टांगलेले असते. मोबाइलच्या पडद्यावर मात्र कोणीही स्वतःला 'समुपदेशक' म्हणवून घेऊ शकतो. म्हणून काही गोष्टी नागरिकांस ठाऊक असणे आवश्यक आहे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. त्याची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते आणि औषध लिहून देण्याचा अधिकार त्याला असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो चाचण्या व संभाषणोपचार करतो. २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दूरस्थ सल्ला देणाऱ्या डॉक्टरने आपले नाव व पात्रता रुग्णास सांगितली पाहिजे आणि औषधपत्रावर नोंदणी क्रमांक घातला पाहिजे. तो विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. अंमली व तत्सम नियंत्रित औषधे दूरस्थ पद्धतीने लिहून देण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे "फोनवरच झोपेच्या गोळ्या लिहून देतो" असे कोणी सहज सांगू लागल्यास सावध व्हावे.

अलीकडे संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेशी गप्पा मारून मन हलके करण्याची सवय तरुणांत वाढते आहे. यंत्र रात्री दोन वाजताही उत्तर देते, कंटाळत नाही आणि नावे ठेवीत नाही, हे खरे. परंतु यंत्रावर कोणत्याही परिषदेचा अंकुश नाही आणि चुकीचा सल्ला दिल्याबद्दल त्याला जाब विचारता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित यंत्रणेने स्वतः रुग्णास समुपदेशन करू नये वा औषध लिहून देऊ नये, ती केवळ डॉक्टरांच्या साहाय्यास असावी, असे याच मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हा फरक अवश्य समजावून सांगावा.

संमती, अल्पवयीन मुले आणि संकटाची घडी

रुग्ण स्वतःहून फोन करतो तेव्हा त्याची संमती गृहीत धरली जाते. परंतु आशा कार्यकर्ती किंवा नातेवाईक त्याच्या वतीने फोन जोडून देतात, तेव्हा रुग्णाला स्पष्ट विचारून त्याचा होकार घेणे आवश्यक असते. 'त्याच्या भल्यासाठीच करतो' हे कारण पुरेसे नाही. मनाचा आजार असलेल्या माणसाला स्वतःविषयी निर्णय करता येत नाही, असे सरसकट गृहीत धरणे २०१७ च्या अधिनियमास मान्य नाही.

अल्पवयीन मुलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरांचा दूरस्थ सल्ला घेताना मुलासोबत एखादी प्रौढ व्यक्ती असली पाहिजे. नियम योग्यच आहे. पण मुलाचे दुःख घरातील प्रौढामुळेच उद्भवले असेल तर? अशा वेळी विश्वासातील शिक्षिका किंवा दुसरा नातेवाईक यांचे साहाय्य मोलाचे ठरते. बालकाच्या लैंगिक छळाची माहिती मिळाल्यास मात्र गुप्ततेचे वचन चालत नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अशी माहिती विशेष बाल पोलीस पथकास वा स्थानिक पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक करतो. म्हणूनच "कोणालाच सांगणार नाही" असे वचन शिक्षकाने मुलास देऊ नये. "तुला मदत होईल अशाच माणसाला सांगेन" असे म्हणणे अधिक प्रामाणिक होय.

संकटाच्या घडीला दूरस्थ उपचारांची मर्यादा सर्वांत तीव्रतेने जाणवते. फोनवर कोणी जीव नकोसा झाल्याचे सांगत असेल आणि पावसाळी वाऱ्यात संपर्क तुटला, तर पलीकडील समुपदेशक काय करणार? विजयदुर्गमधील वाडी त्याला ठाऊक नसते, तेथवर धावत येणे तर दूरच. यासाठी उपचारांच्या आरंभीच रुग्ण कोठे आहे, जवळचे रुग्णालय कोणते आणि गरज पडल्यास कोणास बोलवावे, ही माहिती त्याच्या संमतीने घेऊन ठेवण्याची शिस्त पाळली पाहिजे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक गावातील प्रत्येकास पाठ असावेत. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर खटला भरला जाईल ही जुनी भीतीही दूर केली पाहिजे. २०१७ च्या अधिनियमातील कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे मानले जाते आणि तिची काळजी घेणे, तिच्यावर उपचार करणे व तिचे पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ ठेवलेले नाही.

शेजारचे दोन धडे

गावातील माणसाचा यात काय उपयोग, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सिंधुदुर्गला लागूनच असलेल्या गोव्यात मिळते. तेथील 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण पद्धतशीर प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उदासीनता व चिंता यांनी ग्रासलेल्या रुग्णांना मदत केली. सरकारी केंद्रांतील रुग्णांना त्याचा चांगला गुण आला. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, सहा ते आठ बैठकांचा साधा संभाषणोपचार अशा समुपदेशकांकडून दिला असता तीव्र उदासीनताही कमी होते, असे दिसले.

दुसरा धडा विदर्भातील. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत याच संस्थेने 'विश्राम' हा कार्यक्रम चालविला. गावातीलच कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक आणि त्यांच्याही वर मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. सुमारे दीड वर्षात उदासीनतेने पीडित असून मदतीसाठी पुढे येणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावात भरवशाचा माणूस उभा राहिला, तेव्हा लोक आपणहून पुढे आले. फोनचा क्रमांक भिंतीवर रंगविला म्हणजे काम झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी या आकड्यांकडे लक्ष द्यावे.

ग्रामपंचायत, शाळा आणि अधिकारी यांचे काम

या विवेचनावरून कामाची दिशा स्पष्ट होते. दवाखान्याने पुरविलेली बंद दाराची खोली दूरस्थ उपचारांनी काढून घेतली आहे. ती खोली आता गावाने उभारून दिली पाहिजे. हे शब्दशः शक्य आहे. ग्रामपंचायत कार्यालय, उपकेंद्र किंवा शाळेचे ग्रंथालय येथे दार लागेल, आतील बोलणे बाहेर ऐकू येणार नाही आणि मोबाइलचा संपर्क बरा असेल अशी एक खोली आठवड्यातून ठराविक वेळी मोकळी ठेवता येईल. तिला 'मानसोपचार कक्ष' अशी पाटी मात्र लावू नये. त्याच वेळी तेथे वृत्तपत्रवाचन, निवृत्तिवेतनाची चौकशी, आरोग्यपत्रिका अशी इतर कामेही चालू ठेवावीत, म्हणजे आत जाणाऱ्याकडे कोणी बोट दाखविणार नाही. कोण आले, कोणाशी बोलले, याची नोंदवही ठेवण्याचा मोह टाळावा. किती जणांनी लाभ घेतला हे सांगण्यास नावांची गरज नसते.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत १४४१६ या क्रमांकाची माहिती वर्षातून दोन वेळा तरी द्यावी. पावसाळ्यातील मासेमारी बंदीचा काळ आणि आंब्याचा हंगाम हातचा गेल्यानंतरचे दिवस हे आर्थिक ओढीचे असतात. त्या वेळी ही माहिती विशेष उपयोगी पडेल. शिक्षकांनी परीक्षा व निकाल यांच्या सुमारास वर्गात या विषयावर मोकळेपणाने बोलावे. एखादा विद्यार्थी एकाएकी गप्प झाला, खेळेनासा झाला, तर त्यास चारचौघांत विचारू नये. बाजूला घेऊन विचारावे. आशा कार्यकर्ती आणि आरोग्यसेविका यांनी फोन जोडून द्यावा, संमती घ्यावी आणि मग खोलीबाहेर थांबावे. संभाषण संपल्यावर "काय म्हणाले?" हा प्रश्न विचारू नये.

देवाला गाऱ्हाणे घालणे, कौल लावणे या प्रथा कोकणात खोलवर रुजलेल्या आहेत आणि त्यांतून अनेकांना धीरही मिळतो. श्रद्धेची चेष्टा करून कोणीही उपचारांकडे वळत नाही. गाऱ्हाणे घालावे आणि उपचारही घ्यावेत, असे सांगणारा सरपंच अधिक माणसे वाचवील. मात्र अंगात भूत संचारले म्हणून मारहाण करणे, साखळीने बांधणे हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, हेही त्याच ठामपणे सांगितले पाहिजे.

अधिकाऱ्यांकडे दोन कामे येतात. ज्या वाड्यांत दूरध्वनीचा संपर्क मिळत नाही त्यांची यादी करून ती संबंधितांपुढे मांडणे हे पहिले. दूरध्वनीवरून पाठविलेला रुग्ण रुग्णालयात पोचला का आणि पोचल्यावर त्याला औषध मिळाले का, याचा पाठपुरावा करणे हे दुसरे. फोनवर धीर मिळाला आणि रुग्णालयात औषध नसले, तर लोकांचा विश्वास एकदाच उडतो आणि तो परत मिळविणे फार अवघड असते.

दूरस्थ मानसोपचार हा तज्ज्ञांच्या तुटवड्यावरील एक चांगला उपाय आहे, परंतु तो गावाला त्याच्या जबाबदारीतून मुक्त करीत नाही. बंगळूरचे तज्ज्ञ आणि विजयदुर्गची वाडी यांच्यामधील अंतर तारेने व लहरींनी आता मिटविले आहे. उरलेले अंतर पडवीपासून बंद दाराच्या खोलीपर्यंतचे आहे. तेवढे अंतर पंचायत सदस्य, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांनी मनावर घेतल्यास एका ग्रामसभेच्या ठरावाने मिटू शकते.